जर्नीज एन्ड: सूपमध्ये मिरपूड नाही आणि समोर जर्मन

मावसभावाने तिकीट काढून ठेवलं होतं म्हणून गेलो, नाहीतर युद्धावरचं नाटक म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं काय येतं तर भाषणं, झेंडा, शेवटी बिगुल आणि आपण उगाच डोळे पुसायचे. दादा लंडनला राहतो, मी त्याच्याकडे दहा दिवस मुक्कामाला होतो आणि त्याच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर एक पब आहे, ज्याच्या माडीवर छोटंसं थिएटर आहे. खाली बिअर आणि वर नाटक, असे पब लंडनमध्ये बरेच आहेत. तिकीट १८ पाउंड. खुर्च्या मोजून साठ असतील आणि त्यातली माझी एक पाय डुगडुगणारी, म्हणजे मी जरा पुढे वाकलो की टक्क आवाज यायचा आणि शेजारची आजी वळून बघायची. असो.

नाटक आहे आर. सी. शेरिफचं जर्नीज एन्ड. पहिल्या महायुद्धातलं. १८ मार्च १९१८ च्या सोमवारी संध्याकाळी सुरू होतं आणि २१ तारखेच्या पहाटे संपतं, जागा फ्रान्समध्ये सें-कांतँ गावासमोरची ब्रिटिश आघाडी आणि सगळं नाटक एकाच डगआऊटमध्ये. डगआऊट म्हणजे खंदकाच्या पोटात खणलेली खोली, तिथेच अधिकारी जेवतात, झोपतात, नकाशे बघतात, पत्रं लिहितात, आणि चार पायऱ्या चढलं की वर खरा खंदक. आपल्याला तो खंदक दिसतच नाही. जर्मन सैनिक एकच दिसतो, तोही पकडून आणलेला घाबरलेला पोरगा. गोळीबार होतो तो पडद्यामागे. मला वाटतं अर्धी जादू तिथेच आहे, कारण अडीच तास आपण त्या लोकांबरोबर फक्त वाट बघत बसतो आणि कशाची वाट बघतोय ते त्यांनाही माहितीय, आपल्यालाही.

इतिहास थोडा सांगतो, कारण तो माहीत असला की नाटक दुप्पट लागतं. २१ मार्च १९१८ ला जर्मनांनी त्यांचा मोठा वसंत हल्ला सुरू केला, ऑपरेशन मिखाएल. पहाटे पावणेपाचच्या सुमारास तोफा सुरू झाल्या त्या जवळजवळ पाच तास, वर दाट धुकं, आणि ब्रिटिशांची पुढची फळी बऱ्याच ठिकाणी पार कोलमडली. म्हणजे नाटकातली माणसं जेव्हा सोमवारी म्हणतात की हल्ला कधीही येईल, दोन दिवसांत येईल, तेव्हा लेखकाला आणि १९२८ च्या प्रेक्षकाला तारीख पाठ होती. शेरिफ स्वतः ईस्ट सरे रेजिमेंटमध्ये अधिकारी होता, १९१७ मध्ये बेल्जियममधल्या पाशंडेलच्या लढाईत जखमी झाला, युद्धानंतर विमा कंपनीत कारकुनी करायचा आणि बोट क्लबसाठी पैसे जमवायला हौशी नाटकं लिहायचा. हे वाचून मला फार बरं वाटलं, आपल्याकडे बँकेत नोकरी करून रात्री एकांकिका बसवणारे जे लोक असतात ना, त्यातलाच हा.

मोठ्या निर्मात्यांनी नाटक नाकारलं. युद्धाला लोक कंटाळलेत, आणि नाटकात एकही बाई नाही, कोण बघणार. शेवटी ९ डिसेंबर १९२८ ला एका नाट्यसंस्थेने अपोलो थिएटरमध्ये ते केलं, दिग्दर्शक जेम्स व्हेल आणि कॅप्टन स्टॅनहोपच्या भूमिकेत लॉरेन्स ऑलिव्हिए, वय २१, भूमिकेचं वयही तेवढंच. पुढच्या महिन्यात सॅव्हॉय थिएटरला ते नीट उभं राहिलं तेव्हा ऑलिव्हिए दुसऱ्या एका भव्य नाटकात गेला होता (ते आपटलं) आणि स्टॅनहोप झाला कॉलिन क्लाइव्ह. हाच व्हेल आणि हाच क्लाइव्ह पुढे १९३१ मध्ये हॉलिवूडला फ्रँकेन्स्टाइन हा सिनेमा करतात. खंदकातून थेट भुताच्या प्रयोगशाळेत.

आता प्रयोगाबद्दल. (पुढे कथा फुटणार आहे, ज्यांना तिकीट काढायचंय त्यांनी थेट शेवटचे दोन-तीन परिच्छेद वाचा. अर्थात शेवट काय होणार हे नाटक पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकतं.)

सुरुवातीलाच एक अधिकारी मेणबत्तीवर धरून मोजा वाळवतोय. बस, एवढंच. बाजूला दुसरा येतो, ऑस्बोर्न, वयस्कर, शाळामास्तर, सगळे त्याला अंकल म्हणतात म्हणजे आपल्या भाषेत काका, आणि ही दोघं चार्ज देणं-घेणं करतात, इतके बॉम्ब, इतक्या बंदुकीच्या गोळ्या, इतके गमबूट, आणि त्यातच कानखजुऱ्यासारख्या किड्यांची शर्यत कशी लावायची, किडा आधी व्हिस्कीत बुडवला तर कसा सुसाट धावतो वगैरे. मी हसलो. सगळे हसले. नंतर कळलं की हे हसू नाटक मुद्दाम आपल्या खिशात टाकून ठेवतं.

स्वयंपाकी आहे मेसन नावाचा. या माणसावर वेगळा लेख होईल. डब्यात अननस आहे म्हणून कँटीनमधून आणलेला डबा उघडला तर आत जर्दाळू, आणि कॅप्टनला जर्दाळू डोळ्यांसमोर नको. हे मेसन अशा चेहऱ्याने सांगतो जणू घरात कोणी गेलंय. मग सूप येतं आणि त्यात मिरपूड नाही, विसरली. त्यावर ट्रॉटर नावाचा गुबगुबीत अधिकारी जो काही वैतागतो, म्हणजे युद्ध एकवेळ ठीक आहे पण मिरपुडीशिवाय युद्ध म्हणजे काय राव. आणि खरोखर एका जवानाला शेजारच्या कंपनीकडे कागदाच्या पुडीत मिरपूड आणायला पाठवतात. शंभर यार्डांवर जर्मन मशिनगन घेऊन बसलेत आणि हा बिचारा मिरपुडीसाठी खंदकातून पळतोय.

मी त्या क्षणी हसत होतो आणि मग एकदम मला कुत-अल-अमारा आठवलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, याच युद्धात, सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये आपल्या मराठा पलटणी होत्या आणि तुर्कांच्या वेढ्यात त्या जवळजवळ पाच महिने अडकल्या, एप्रिल १९१६ च्या शेवटी शरणागती, तोवर घोडी-खेचरं कापून खायची वेळ आली आणि धर्माच्या धाकाने कितीतरी जवानांनी ते मांसही बरेच दिवस तोंडात घातलं नाही. साताऱ्या-कोकणातली पोरं ती. त्यांच्या पुडीतल्या मिरपुडीबद्दल, त्यांच्या मेसनबद्दल असं एक नाटक मराठीत यायला हवं, आणि त्यातही एकही भाषण नको. इथे विषयांतर थांबवतो.

ट्रॉटरवरच राहू. हा प्राणी कागदावर १४४ छोटे गोल काढतो. कंपनीला सहा दिवस पुढच्या फळीत काढायचेत, सहा गुणिले चोवीस, आणि दर तासाला एक गोल काळा करायचा. नट जाडजूड होता, बोलताना तोंडात सतत काहीतरी, आणि गोल काढताना त्याने जीभ किंचित बाहेर काढली, चौथीतला मुलगा चित्रकलेच्या तासाला काढतो तशी. तिथे माझ्या घशात काहीतरी अडकलं, का ते सांगता येणार नाही. गुरुवार पहाटेपर्यंत किती गोल काळे होतात याचा हिशोब मी घरी येऊन केला, निम्मेही होत नाहीत.

कथेचा कणा असा की नवा मुलगा येतो, रॅली, शाळेतून नुकताच निघालेला. शाळेत स्टॅनहोप, म्हणजे या कंपनीचा कॅप्टन, त्याचा हीरो, वर स्टॅनहोपचं रॅलीच्या बहिणीशी जवळपास ठरलेलं. रॅलीने वशिला लावून मुद्दाम याच कंपनीत नेमणूक मिळवलीय आणि स्टॅनहोपला नेमकं हेच नकोय, कारण तीन वर्षं खंदकात काढून आता तो व्हिस्कीशिवाय पायऱ्या चढू शकत नाही आणि हा पोरगा बहिणीला पत्रात ते लिहिणार. अधिकाऱ्याला पत्रं सेन्सॉर करायचा हक्क असतो, त्या हक्काच्या नावाखाली तो पोराकडून पत्र हिसकावून घेतो, स्वतःला वाचवत नाही म्हणून काका वाचून दाखवतात, आणि पत्रात फक्त कौतुक. थकलेला असतो कारण सगळ्यांसाठी राबतो, असं काहीतरी लिहिलेलं. या सीनला स्टॅनहोपचा नट पाठमोरा उभा होता, फक्त मान दिसत होती, आणि पूर्ण प्रयोगात त्याचं सगळ्यात चांगलं काम हेच.

कारण बाकी वेळ हा भाऊ ओरडत होता. हीच माझी मुख्य तक्रार. साठ खुर्च्यांची खोली आहे रे, मी तुझ्यापासून सहा फुटांवर आहे, तुझ्या कपाळावरची शीर मला दिसतेय, तू कुजबुजलास तरी मला ऐकू येणार आहे. पहिल्याच एंट्रीपासून आवाज टिपेला, मग हिबर्टवर पिस्तूल रोखायचा सीन येतो तेव्हा वर चढायला जागाच उरत नाही. हिबर्ट म्हणजे तो अधिकारी जो डोळ्यांत कळ येते म्हणून घरी पाठवा म्हणतोय, आजार खरा की भीती खरी हे नाटक शेवटपर्यंत स्पष्ट करत नाही, आणि स्टॅनहोप त्याला आधी धमकावतो, मग जवळ घेऊन सांगतो की मलाही अगदी असंच वाटतं. हा उतार जर हळूच आला असता तर काय मजा आली असती. दादाचं मत वेगळं, तो म्हणे दारुडा माणूस ओरडतोच. आमचं यावर घरी जाईपर्यंत भांडण चाललं.

काका करणारा नट मात्र अफाट. पन्नाशीचा असेल, आवाज कधी चढवला नाही, हातात कायम पाइप. तो पोराला, म्हणजे रॅलीला, एक किस्सा सांगतो: बेल्जियममधल्या ईप्रला गस्तीवरचा एक ब्रिटिश जवान दोन्ही खंदकांच्या मधे जखमी होऊन पडला, दुसऱ्या रात्री लोक सरपटत गेले आणि त्याला ओढत आणायला लागले तर समोरच्या खंदकातून एक जर्मन अधिकारी उभा राहून ओरडला की उचलून न्या त्याला. नेला त्यांनी. आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी एकमेकांचे खंदक उडवले. पोरगा ऐकतो, काका पाइप ठोकून राख झाडतात, आणि पुढचं वाक्य म्हणायला इतका वेळ घेतात की मला वाटलं नट विसरला.

मग तो छापा. वरून हुकूम येतो की समोरच्या जर्मन फळीत कोण आहे ते कळायला हवं, भर दिवसा धूर सोडून दोन अधिकारी आणि दहा जवान जातील आणि एक कैदी आणतील. तोफांनी काटेरी तारेत आधी एक भोक पाडलं जातं, आणि जर्मन काय करतात तर त्या भोकाच्या दोन्ही बाजूंना लाल चिंध्या बांधून ठेवतात. म्हणजे या, आम्ही वाट बघतोय. स्टॅनहोप कर्नलला विचारतो की रात्री अंधारात नाही का जाता येणार, तर नाही, रिपोर्ट संध्याकाळीच हवाय, आणि स्टॅनहोपचा टोमणा असा की वरच्यांच्या जेवणाची वेळ चुकेल ना. कुठल्याही ऑफिसात काम केलेल्या माणसाला ती वरून येणारी डेडलाइन ओळखीची वाटेल, फक्त इथे शेवटी माणसं मरतात.

आणि इथे मला जे बघायला मिळालं त्यासाठी १८ पाउंड काय, दुप्पट दिले असते. निघायच्या आधी काका आणि पोरगा यांच्याकडे आठ मिनिटं उरलीत. काका बोटातली अंगठी काढतात, घड्याळ आणि एक पत्र ठेवतात, पाइप नुकताच पेटवलेला तो टेबलाच्या कडेला. मी पहिल्या रांगेच्या टोकाला असल्यामुळे ते टेबल माझ्यापासून हातभर अंतरावर. अंगठी निघता निघत नव्हती, नटाने ती थुंकी लावून फिरवून काढली आणि बोटावर खरंच पांढरा पट्टा उमटलेला होता. ते घड्याळ चालू होतं. खरं चालू घड्याळ, टिकटिक मला ऐकू येत होती. दोघं कॉफी पितात, जंगलात फिरायला जायच्या गप्पा मारतात, कविता म्हणतात, युद्धाचं नाव काढत नाहीत, आणि मग निघून जातात. स्टेज रिकामं. वर आवाज, आरडाओरडा, मशिनगन, आणि खाली टेबलावर ते घड्याळ एकटं टिकटिकतंय. माझी खुर्ची त्या पूर्ण वेळात एकदाही वाजली नाही, मी हललोच नसणार.

परत येतो फक्त पोरगा. काका आणि सहा जवान गेले. कर्नल कैद्याच्या माहितीवर इतका खूश की माणसं किती परतली हे विचारायचं त्याला उशिरा सुचतं. सगळे गेल्यावर पोरगा सुन्नपणे काकांच्या पलंगावर टेकतो आणि स्टॅनहोप त्याला फक्त एवढंच म्हणतो की तिथेच बसायलाच हवं का. त्या रात्री बाकीचे शँपेन आणि चिकन खातात, मोठमोठ्याने हसतात, बायकांचे फोटो दाखवतात, आणि पोरगा वर जाऊन जवानांबरोबर ब्रेड-चीज खातो. आपल्याला वाटतं पोरगा बरोबर, हे लोक निर्लज्ज, मग स्टॅनहोप फुटतो आणि कळतं की विसरायला पितोय हा, ते त्याला कुणाला सांगायचंच नव्हतं.

शेवट माझ्या मते या प्रयोगाने बिघडवला, थोडासा. पहाटेचा हल्ला, पोरगा पाठीत तोफगोळ्याचा तुकडा लागून खाली आणला जातो, स्टॅनहोप त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारतो, जिमी, मेणबत्ती आणून ठेवतो, पोरगा जातो, आणि स्टॅनहोप पायऱ्या चढून वर जातो. मग डगआऊट कोसळतं. इथे दिग्दर्शकाने स्पीकर इतके फोडले आणि धुराचं मशीन इतकं सोडलं की पहिल्या तीन रांगा खोकायला लागल्या, शेजारची आजी रुमाल लावून बाहेर गेली, आणि ज्या क्षणी आख्ख्या खोलीने श्वास धरायला हवा होता त्या क्षणी आम्ही सगळे दम्याच्या दवाखान्यात बसल्यासारखे. अडीच तास ज्या नाटकाने युद्ध न दाखवता दाखवलं त्याच्यावर शेवटच्या दोन मिनिटांत विश्वास का नाही ठेवायचा?

बाकी जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. भाषा अवघड आहे, शब्द नव्हे उच्चार. अधिकारी लोक जुन्या बोर्डिंग शाळेच्या थाटात बोलतात, मेसन आणि ट्रॉटर लंडनच्या गल्लीतल्या ढंगात अर्धी अक्षरं खाऊन, त्यामुळे पहिली दहा मिनिटं माझं निम्मं डोक्यावरून गेलं, नंतर कान बसला. जमलं तर आधी संहिता वाचून जा, विनोद सुटत नाहीत. आणि एकच मध्यंतर आहे, त्यात खाली बिअर घ्यायला गर्दी होते, तिसरी घंटा वगैरे काही भानगड नाही, एक मुलगी जिन्यात येऊन या वर या म्हणते. उशीर झाला तर आत घेत नाहीत, एक जोडपं जिन्यातच उभं राहिलेलं मी बघितलं.

जागा घ्यायची तर पहिल्या रांगेचं टोक, टेबलाच्या बाजूचं. धूर लागेल, पण घड्याळ ऐकू येईल.

प्रयोग संपल्यावर पबमध्ये खाली उतरलो तर मेसन झालेला नट ट्रेमध्ये सूपाच्या प्लेट्स घेऊन बेसिनकडे चालला होता, कपडे तेच, पायांत मात्र पांढरे स्पोर्ट्स शूज. दादाने त्याला थांबवून विचारलं की सूप खरं असतं का. म्हणाला, हो, गरम पाण्यात क्यूब. मी विचारलं, आणि मिरपूड? त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला की घालतो थोडी, ट्रॉटरवाल्याला आळणी जात नाही, पण दिग्दर्शकाला सांगू नका.